पत्ता नसलेल्यांची फिर्याद



हथखोजच्या या अवजड उद्योगांच्या वसाहतीत मराठी भाषकांचा मेळावा भरतो आणि त्याच्या अध्यक्षपदासाठी वकिली करणाऱ्या एका लेखिकेला बोलावले जाते, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. अपेक्षा साहित्यावर बोलण्याची आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

छत्तीसगडातल्या मराठी माणसाला माधवराव सप्रे यांची ओळख करून द्यायला नको. १९०० साली पेंड्र्यासारख्या आडगावाहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढणाऱ्या आणि पुढे टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणाऱ्या या संपादकाने १९०१ मध्ये ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा लिहिली. जमीनदाराला आवार वाढवायचे असते. विधवा म्हातारी झोपडी सोडत नाही, तेव्हा तो वकिलांना पैसे चारून कोर्टाकडून ताबा मिळवतो. पुढे तिची टोपलीभर माती जमीनदाराला उचलवत नाही, तो प्रसंग सर्वांच्या लक्षात राहतो. माझे मन मात्र त्याआधीच्या एका वाक्यापाशी अडते. झोपडी गेल्यावर ती बाई जवळपास कुठेतरी राहू लागली, एवढेच सप्रे सांगतात. असे कुठेतरी राहणाऱ्या माणसाला कुणी मारले तर पोलीस काय करतात, आणि दिवसाउजेडी त्याला निर्धास्त पाठ टेकायला जागा असते का, याविषयी मला आज बोलायचे आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर नोंदली गेली. त्यांतली निम्म्याहून अधिक शहरांत होती. डिसेंबर २००९ मध्ये, ऐन थंडीत, दिल्लीतला एक रात्रनिवारा पाडला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये आदेश निघाले: मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा, तोही बारमाही आणि चोवीस तास उघडा. २०१३ च्या शहरी बेघर निवारा योजनेनेही हेच मान्य केले आणि माणशी ५० चौरस फूट जागा ठरवली. तरीही आपल्या मनात निवारा म्हणजे रैन बसेराच राहिला आहे. रात्री या, सकाळी पथारी गुंडाळा. कागदावर चोवीस तास उघडी असलेली दारे कितीतरी ठिकाणी सकाळी बंद होतात.

हथखोजमध्ये तरी हे कुणाला पटवून द्यावे लागू नये. इथल्या कारखान्यांत रात्रपाळी चालते. ठेकेदाराकडे रात्रभर राबलेला, भाड्याची खोलीही न परवडणारा मजूर झोपणार केव्हा? दिवसाच. रात्रभर गाडीत माल चढवणारा हमाल, ट्रकचा क्लीनर, यांचीही झोप दिवसाची. आणि रस्त्यावर राहणाऱ्या बायका तर कित्येकदा रात्र जागूनच काढतात, कारण झोप लागली की कुणाचा हात अंगावर येईल याचा नेम नसतो. त्या डोळा लावतात तो दुपारी, वर्दळ असलेल्या फलाटावर नाहीतर देवळाच्या पायरीवर, आणि तिथून त्यांना काठीने उठवले जाते. दिवसाचा निवारा ही त्यांच्या जिवाची गरज आहे. अर्थात निवाऱ्याच्या आतही मारहाण होते, चोरी होते, दारू पिऊन धिंगाणा होतो. बायकांची वेगळी खोली, संडासाला आतून लागणारी कडी आणि पाळ्यांमध्ये कायम हजर असलेला काळजीवाहक, एवढे नसेल तर छप्पर असूनही भीती कायम राहते.

आता पोलिसांकडे येते. साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा आहे. महाराष्ट्रात आपण एनसी म्हणतो, इकडे ‘पुलिस हस्तक्षेप अयोग्य’. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तिचा तपास होत नाही. गंभीर दुखापत मात्र दखलपात्र आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे १५ दिवस तीव्र वेदना होणे किंवा १५ दिवस नेहमीचे काम करता न येणे, हीसुद्धा गंभीर दुखापतच. घरदार असलेला माणूस मार बसल्यावर रजा टाकतो, डॉक्टरांचा दाखला आणतो. कचरा वेचणारी बाई तिसऱ्या दिवशी सुजलेल्या हाताने गोणी उचलते, कारण न उचलली तर पोटाला काही नाही. आणि ती काम करताना दिसली, एवढ्यावरून तिची दुखापत साधी ठरते. उपाशी माणसाची निकड त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाते, हे मला अतिशय अन्यायाचे वाटते.

मग येतो पत्त्याचा रकाना. पत्ता नाही म्हणून समन्स पोहोचत नाही, साक्षीदार सापडत नाही आणि खटला आपोआप गळतो. वास्तविक कायदा इतका कोता नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की ती नोंदवलीच पाहिजे, हे ललिता कुमारी खटल्यात घटनापीठाने २०१३ मध्येच सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद घ्यावी लागते, ती वाचून दाखवावी लागते आणि तिची प्रत मोफत द्यावी लागते. फिर्यादी स्वतः जखमीच असला पाहिजे, असेही नाही. तपासासाठी साक्षीला बोलावताना स्त्रीला किंवा साठीच्या पुढच्या माणसाला राहत्या जागेखेरीज अन्यत्र हजर राहायला भाग पाडता येत नाही, असे कलम १७९ म्हणते. ती राहती जागा मालकीची असावी, अशी अट त्यात नाही. बाई पुलाखाली राहत असेल तर अंमलदाराने वही घेऊन पुलाखाली जावे.

हे घडत नाही तेव्हा काय होते, ते मुंबईने भोगले आहे. रस्त्यावर झोपलेल्यांचे खून करणारा रमण राघव ऑगस्ट १९६८ मध्ये अखेर पकडला गेला, पण १९६५-६६ मधल्या हल्ल्यांच्या वेळीही तो पोलिसांच्या हाती लागून सुटला होता. पुढे १९८५ ते १९८८ दरम्यान सायन-किंग्ज सर्कल भागात उघड्यावर झोपलेल्या १२ जणांची डोक्यात दगड घालून हत्या झाली. मेलेल्यांची ओळख सांगायलाही कुणी पुढे येत नव्हते, म्हणून हे खून एकाच हाताचे असावेत, हे ध्यानात यायलाच वेळ गेला. तो मारेकरी आजतागायत सापडलेला नाही. इथल्या भिलाईचा इतिहासही आठवा. ठेका मजुरांचे नेते शंकर गुहा नियोगी २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे आपल्या खोलीत झोपेत मारले गेले. देशभर नाव असलेल्या या माणसाच्या खुनात अंतिम निकाल लागायला २००५ उजाडले आणि शिक्षा झाली ती एकट्या गोळी झाडणाऱ्याला. मग ज्याचे नावच कुणाला ठाऊक नाही, त्याच्या बाजूने कोण उभे राहणार?

मनाचा तोल ढळलेल्या, भटकणाऱ्या बायकांची स्थिती याहून बिकट आहे. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी ‘माउली’मध्ये अशा कितीतरी जणींना आसरा दिला. त्यांतल्या अनेकींवर रस्त्यावर अत्याचार झालेले होते, काहींची बाळंतपणे ‘माउली’तच झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १०० पोलिसांना सांगते की अशा व्यक्तीला कोठडीत ठेवायचे नाही, २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे, हरवल्याची नोंद करायची आणि घरच्यांचा शोध घ्यायचा. हे कलम प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावायला हवे.

आपण लिहिणारी माणसे आहोत, म्हणून माझी मागणीही लिहिण्याचीच आहे. फिर्याद हा माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला मजकूर असतो. छत्तीसगढीत हुंदके देत सांगितलेली हकिकत ठाण्याच्या ठरीव हिंदीत उतरताना तिच्यातली हत्याराची, वेळेची, धमकीची नेमकी माहिती गळून जाते आणि गुन्हा सौम्य होतो. तुमच्यापैकी अनेकांनी पोलाद कारखान्यात हिशेब आणि अहवाल लिहिण्यात हयात घालवली आहे, इथल्या बोली तुम्हाला येतात. आठवड्यातली एक दुपार निवाऱ्यात बसा. ज्याला मार बसला त्याचे ऐका, तो सांगतो तसे लिहून घ्या, त्याच्याबरोबर ठाण्यात जा, प्रत मागून घ्या. ठाणेदाराने नकार दिला तर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तो मसुदा मी स्वतः तयार करून देईन.

दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. निवारे दिवसा उघडे ठेवावेत. निवाऱ्याचा पत्ता हाच तिथे टेकणाऱ्याचा पत्ता म्हणून पोलिसांनी आणि न्यायालयाने स्वीकारावा. तिथे राहणाऱ्याला मारहाण झाली तर काळजीवाहकाने त्याच दिवशी खबर द्यावी. ठरावाची प्रत महापालिका आयुक्त आणि दुर्गचे पोलीस अधीक्षक यांच्याकडे न्यायची आहे. ज्यांना बरोबर यायचे आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत आपली नावे माझ्याकडे द्यावीत.