उद्यानातील सभागृह

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात ‘लेक एरिया’ या नावाची एक वस्ती आहे. नाव तळ्याचे, तळे मात्र कोठेच नाही. शहर वाढत गेले, तसतसे नुंगंबाक्कमचे तळे आटत आणि बुजत गेले. त्याच भूमीवर १९७६ मध्ये तमिळ कवी तिरुवळ्ळुवर यांचे स्मारक, वळ्ळुवर कोट्टम, उभे राहिले. तिरुवारूरच्या रथाच्या धर्तीवर घडविलेला एकोणचाळीस मीटर उंचीचा दगडी रथ आणि त्यालगत हजारो लोक मावतील असे सभागृह, असे त्याचे स्वरूप. पुढे तेही जुने झाले. तेव्हा ते पाडले गेले नाही. दुरुस्त होऊन जून २०२५ मध्ये पुन्हा खुले झाले.

प्रत्येक जुन्या सभागृहाच्या नशिबी अशी दुरुस्ती येत नाही. गावोगावच्या उद्यानांत अशी समाजमंदिरे आहेत. तेथे सकाळी व्यायाम, दुपारी भगिनीमंडळ, सायंकाळी भजन किंवा नाटकाची तालीम चालते. छप्पर गळू लागले की एके दिवशी फाटकावर सूचना लागते : जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचे योजिले आहे, हरकती असल्यास कळवाव्यात. या चार ओळींत सार्वजनिक जीवनातील एक अवघड प्रश्न दडलेला असतो.

त्याचा उलगडा चेन्नईच्याच पीपल्स पार्कच्या इतिहासात होतो. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांच्या प्रेरणेने १८५९-६० च्या सुमारास हे विस्तीर्ण उद्यान साकारले. १८८० नंतरच्या दशकात शहरातील प्रतिष्ठित नागरिकांनी सभा घेऊन नगरभवनाचा संकल्प केला, वर्गणी जमविली, आणि उद्यानाचाच एक तुकडा नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने मिळविला. वास्तुशिल्पी चिझम यांचे लाल विटांचे व्हिक्टोरिया पब्लिक हॉल ते हेच. येथे १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांचे व्याख्यान झाले. सुगुण विलास सभेने येथे तमिळ नाटके केली. पुढे याच उद्यानाच्या जागेत मूर मार्केट आले, महापालिकेची रिपन बिल्डिंग आली, क्रीडागार आले. यांपैकी एकही वास्तू वाईट हेतूने बांधलेली नव्हती. प्रत्येकीच्या मागे लोकहिताचेच कारण होते. आणि त्या सत्कारणांनीच उद्यान हळूहळू गिळून टाकले. १९८५ मध्ये मूर मार्केट आगीत भस्मसात झाले, तेव्हा ती जागा पुन्हा हिरवी झाली नाही. तेथे रेल्वेची इमारत उभी राहिली. नगरभवन मात्र दीर्घकाळच्या उपेक्षेनंतर टिकले, आणि २०२३ मध्ये महापालिकेने त्याच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले.

तात्पर्य असे की, उद्यानातील इमारत ही मोकळ्या भूमीकडून घेतलेली उसनवारी असते. ती पाडण्याची वेळ येते, तेव्हा हिशेब नव्याने मांडण्याची संधी मिळते. नवी वास्तू जुन्या जोत्याबाहेर किती वाऊ जाईल, कोणती झाडे जातील, वाहनतळासाठी मुलांचे मैदान जाईल काय, हे तेव्हाच विचारले पाहिजे.

पुण्यात संभाजी उद्यानाशेजारच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या बाबतीत हे प्रकर्षाने दिसले. १९६२ मध्ये त्याची कोनशिला स्वतः बालगंधर्वांनी बसविली, आणि १९६८ मध्ये ते रसिकांसाठी खुले झाले. २०१८ मध्ये त्याच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव पुढे येताच कलावंतांत आणि रसिकांत दोन तट पडले. कोणाला अद्ययावत सोयी हव्या होत्या, कोणाला आठवणींचे घर हवे होते. दोन्ही मागण्या खऱ्या होत्या.

कायदा येथे थोडीच साथ देतो. महाराष्ट्राचा १९६६ चा आणि तमिळनाडूचा १९७१ चा नगररचना अधिनियम विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती मागविण्याची तरतूद करतो. पण आपल्याच जागेवरील आपलीच इमारत पाडून त्याच उपयोगासाठी नवी बांधताना लोकांना विचारलेच पाहिजे असे बंधन दर वेळी असतेच असे नाही. मग विचारणे हे अधिकाऱ्याच्या विवेकावर उरते.

विवेकी अधिकारी नकाशा पक्का होण्यापूर्वी विचारतो. अभियंत्याचा तपासणी अहवाल तो सोप्या भाषेत लोकांपुढे ठेवतो. दुरुस्ती आणि नवे बांधकाम या दोहोंचा खर्च शेजारी शेजारी मांडतो. बांधकामाच्या काळात भजनी मंडळ बसेल कोठे आणि नंतर सभागृहाचे भाडे त्याला परवडेल काय, याचेही उत्तर तो तयार ठेवतो. कामकरी माणसाला येता यावे म्हणून सभा सायंकाळी घेतो. याचा अर्थ बहुमताने निर्णय सोपवून द्यावा असा नव्हे. तुळई खचली असेल तर ती टाळ्यांच्या गजराने सावरत नाही. माणसांच्या जिवाची जबाबदारी शेवटी अधिकाऱ्याचीच. परंतु हरकत मान्य झाली नाही, तर ती का झाली नाही हे हरकतदाराला लेखी कळले पाहिजे. नकार माणूस सोसतो. दुर्लक्ष सोसत नाही.

नुंगंबाक्कमच्या त्या स्मारकात तिरुक्कुरळचे १३३० द्विपदी श्लोक दगडावर कोरले आहेत. साने गुरुजींनी मराठीत आणलेला ग्रंथ तो हाच. त्यात श्रवणाची थोरवी सांगणारे एक संपूर्ण प्रकरण आहे. त्याचे नाव ‘केळ्वि’. तमिळ भाषेत या शब्दाचे दोन अर्थ होतात : ऐकणे आणि प्रश्न. ज्या धातूपासून तो आला, त्याचाही अर्थ विचारणे असा आहे आणि ऐकणे असाही. फाटकावर सूचना लावली की विचारणे संपते. ऐकणे तेथून सुरू व्हावयाचे असते. ते ज्या गावात सुरू होते, तेथे तळ्याचे केवळ नाव उरण्याची पाळी सहसा येत नाही.