मधल्या सुराचा माणूस



व्हायोलिन आपल्याला परके नाही. गोव्यात चर्चच्या शाळांमधून ते गावोगाव पोहोचले, मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोमंतकीय वादकांनी ते वाजवले, आणि दक्षिणेत तर ते गायकाच्या साथीला मांडी घालून बसले. पण त्याच्याच शेजारी, त्याच्यासारखेच दिसणारे, जरा थोराड आणि खर्जाकडे झुकलेले आणखी एक वाद्य असते. ते म्हणजे व्हायोला. या वाद्यापायी आयुष्य वेचलेले लायोनेल टर्टिस (1876–1975) हा आजचा विषय.

आधी वाद्याची अडचण समजून घेऊ. व्हायोला व्हायोलिनपेक्षा एका पंचमाने खाली लागतो. हिशेबाने पाहिले तर त्याचे अंग व्हायोलिनच्या दीडपट, म्हणजे सुमारे 21 इंच लांब हवे. एवढे वाद्य हनुवटीखाली धरायचे कसे? म्हणून कारागिरांनी बहुधा 15 ते 17 इंचांत तडजोड केली. वाद्य लहान केले तर खर्ज पोकळ लागतो, मोठे केले तर हात भरून येतो. त्यातून चौकडीत त्याची जागा दोन व्हायोलिने आणि चेलो यांच्या मधली. ऐकणाऱ्याचे लक्ष वरच्या सुराकडे जाते, नाहीतर तळाच्या. व्हायोलिनवर हात न बसलेल्या वादकाला व्हायोला द्यायची, अशीही एक रीत पडून गेली होती.

टर्टिस यांच्या हाती तो आला तो योगायोगाने. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये ते व्हायोलिन शिकत होते. एका सहाध्यायाला चौकडी जमवायची होती, पण व्हायोला वाजवणारा कोणी मिळेना. टर्टिस तयार झाले, आणि मग माघारी फिरलेच नाहीत. पुढे ते त्याच संस्थेत व्हायोला शिकवू लागले. अल्बर्ट सॅमन्स, फेलिक्स साल्मंड आणि विल्यम मर्डॉक यांच्याबरोबर त्यांनी चेंबर संगीत गाजवले. पण एकट्याने वाजवायचे म्हटले, तर वाजवायला होते काय? म्हणून ते रचनाकारांच्या मागे लागले. यॉर्क बोवेन, अर्नोल्ड बॅक्स, व्हॉन विल्यम्स यांनी त्यांच्यासाठी लिहिले. एल्गार यांची चेलोसाठीची कॉन्चेर्टो त्यांनी व्हायोलासाठी उतरवून घेतली. ती त्यांनी वाजवली, तेव्हा संचालन स्वतः एल्गार यांनी केले.

आता ज्या घटनेसाठी मी हा विषय निवडला, तिच्याकडे येतो. 1929 साली विल्यम वॉल्टन या तरुण रचनाकाराने टर्टिस यांना डोळ्यांसमोर ठेवून व्हायोला कॉन्चेर्टो लिहिली आणि त्यांच्याकडे पाठवली. टर्टिस यांना ते नवे वळण रुचले नाही. त्यांनी ती परत धाडली. त्या वर्षीच्या 3 ऑक्टोबरला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये ती वाजवली पाउल हिंडेमिथ यांनी. टर्टिस श्रोत्यांत बसून होते. जन्मभर ज्याची वाट पाहिली, ते दारात आले असताना आपण दार लावून घेतले, हे त्यांना कळून चुकले. ही चूक त्यांनी लपवली नाही. आत्मचरित्रात ती कबूल केली. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुढच्याच वर्षी बेल्जियममधील लिएज येथे ती रचना स्वतः वाजवली.

1937 साली उजव्या हाताच्या संधिवातामुळे त्यांनी निवृत्ती जाहीर केली. निरोपाच्या मैफलीत दोन रचना होत्या: बेर्लिओझ यांची ‘हॅरल्ड इन इटली’ आणि वॉल्टन यांची तीच कॉन्चेर्टो. पहिली पागानिनीने सांगितल्यावरून लिहिली गेली, पण आपल्याला वाजवायला त्यात पुरेसे काम नाही म्हणून त्याने ती वाजवली नाही. दुसरी टर्टिस यांनी परत केलेली. ज्यांच्यासाठी लिहिल्या त्यांनीच नाकारलेल्या या दोन रचना आज व्हायोलाच्या भांडवलातल्या मोठ्या ठेवी आहेत.

निवृत्तीनंतर टर्टिस स्वस्थ बसले नाहीत. आर्थर रिचर्डसन या कारागिराबरोबर त्यांनी पावणेसतरा इंचांचा नमुना तयार केला: खर्ज भरदार, तरी हाताला पेलणारा. त्याचे आराखडे त्यांनी इतर कारागिरांनाही उपलब्ध करून दिले. काही वर्षांनी हात सावरला, तेव्हा ते पुन्हा वाजवू लागले.

आपल्याकडे पंडित रामनारायण यांनी साथीच्या सारंगीला स्वतंत्र मैफलीत बसवले, हे आपण जाणता. अशा माणसांचे कौतुक करताना आपण त्यांचा हट्ट तेवढा सांगतो. टर्टिस यांचा हट्ट मोठा होताच. पण तो त्यांना एकदा नडलाही. आपल्या वाद्यासाठी झगडणारा माणूसही आपल्या वाद्याला काय हवे हे ओळखण्यात चुकू शकतो. तेव्हा श्रोत्यांत बसून दुसऱ्याचे वादन ऐकावे लागते, आणि घरी येऊन ती पाने पुन्हा उघडावी लागतात. टर्टिस यांनी ती उघडली, हे मला त्यांच्या साऱ्या मैफलींइतकेच मोलाचे वाटते.

पुढच्या वेळी चौकडी ऐकाल, तेव्हा थोडा वेळ मधल्या सुरावर कान ठेवा, एवढीच विनंती.