वसंतातले वाचनालय
(साखरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावचे वाचनालय आणि आपली मुले या विषयावर दोन शब्द बोलावे, असे संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मला सांगितले. विषय मोठा आहे. मी तो लहान करून मांडणार आहे. शिमग्यापासून शाळा उघडेपर्यंतच्या चार महिन्यांत वाचनालयाने काय करावे, एवढेच मी सांगणार आहे. वाचनालय शासनमान्य असो, ग्रामपंचायतीचे असो की विहाराच्या एका खोलीतले असो, काम तेच आहे.

हेच चार महिने का? कारण आपल्या मुलांचे वर्ष याच काळात घडते किंवा बिघडते. दहावी-बारावीच्या परीक्षा याच दिवसांत. महामानवांच्या जयंत्या याच दिवसांत. उन्हाळ्याची सुट्टी याच दिवसांत आणि पुढच्या प्रवेशाची धावपळही याच दिवसांत. आपल्या हिंगोली जिल्ह्यात तर हळद काढायची, शिजवायची आणि वाळवायची घाईही तेव्हाच असते. आईबाप रानात, घर एका खोलीचे, बाहेर ऊन. अशा वेळी मुलाने पुस्तक घेऊन बसावे कुठे?

हा प्रश्न नवा नाही. बाबासाहेबांचे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच झोपणे, तिथेच अभ्यास. म्हणून शाळा सुटली की विद्यार्थी भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. त्या बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षक येत असत. रोज एक मुलगा एकाग्रतेने वाचताना दिसतो, हे त्यांनी हेरले. त्याची विचारपूस केली आणि त्याला वाचायला पुस्तके दिली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. त्या सभेत केळुसकरांनी आपण स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकून महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही तेच पुढे होते.

मित्रहो, या हकिकतीत इमारत नाही, कपाट नाही, अनुदान नाही. बसायला एक जागा आहे, योग्य वेळी हातात आलेले एक पुस्तक आहे आणि मुलाकडे लक्ष देणारा एक माणूस आहे. या तीन गोष्टी जिथे आहेत ते वाचनालय. यांतला माणूस नसेल, तर उरतात ती कपाटे.

कपाटांचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. माझ्या लहानपणी आमच्या गावात पुस्तकांचे एक काचेचे कपाट होते. त्याची किल्ली एका गृहस्थांकडे असे आणि ते गृहस्थ बहुधा गावात नसत. असले तर म्हणत, "पोरं पुस्तकं फाडतात." आम्ही काचेला नाक लावून पुस्तकांची नावे वाचायचो. काही नावे मला आजही पाठ आहेत. पुढे नोकरी लागल्यावर मी एकदा गावी गेलो, तेव्हा ते कपाट उघडलेले होते. खालचे दोन कप्पे वाळवीने खाल्ले होते. पोरांनी फाडू नयेत म्हणून जपलेली पुस्तके वाळवीने वाचली! फाटलेले पुस्तक चिकटवता येते. न वाचलेल्या पुस्तकाला उपाय नाही.

आता कामाचे बोलतो.

पहिले काम परीक्षेच्या दिवसांचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाचनालयाने अभ्यासिका व्हावे. सकाळी पाच ते आठ आणि संध्याकाळी सहा ते दहा या वेळात दार उघडे ठेवावे. दिवसा मुले शाळेत नाहीतर रानात असतात, तेव्हा दुपारी उघडून उपयोग नाही. दोन सतरंज्या, पिण्याच्या पाण्याचा माठ आणि वीज गेल्यास चार्जिंगचे दोन दिवे, एवढी सोय पुरे. मागच्या वर्षी पास झालेल्या मुलांकडून पाठ्यपुस्तके मागून एक संच तिथे ठेवावा. जुन्या प्रश्नपत्रिकाही ठेवाव्यात.

इथे आईबापांना एक विनंती आहे. संध्याकाळच्या अभ्यासिकेत मुलगे येतात आणि मुली येत नाहीत. कारण आपण सगळे जाणतो. म्हणून मुलींसाठी वेगळी जागा राखावी, संस्थेच्या एखाद्या भगिनीने तिथे बसावे आणि मुलींना घरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी कार्यकर्त्यांनी घ्यावी. 1855 साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिचे वय तेव्हा जेमतेम चौदा. मुलगी शाळेत पोचली म्हणून तो निबंध लिहिला गेला. आपल्या गल्लीतली मुलगी वाचनालयापर्यंत पोचत नसेल, तर तिच्या मनात काय आहे हे आपल्याला कसे कळणार?

दुसरे काम जयंतीच्या दिवसांचे. 10 मार्च हा सावित्रीबाईंचा स्मृतिदिन. 1897 साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्या गेल्या. 20 मार्च हा महाडच्या चवदार तळ्याचा दिवस, साल 1927. 11 एप्रिलला महात्मा फुले यांची आणि 14 एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. त्यानंतर वैशाखात बुद्धपौर्णिमा. या प्रत्येक दिवशी विहारात अर्ध्या तासाचे वाचन ठेवावे. वक्ता बाहेरून आणण्याची गरज नाही. आठवीतल्या मुलीने चार पाने मोठ्याने वाचावीत आणि सगळ्यांनी ऐकावे. ज्या आजीला अक्षरओळख नाही, तिचाही त्या पुस्तकावर तेवढाच हक्क आहे.

जयंतीला मिरवणूक काढू नका, असे मी म्हणणार नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाला आनंदाचा दिवस हवाच. पण वर्गणी मोजताना शंभरातले दहा रुपये पुस्तकांसाठी बाजूला काढा, ही माझी मागणी आहे. 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा वसतिगृहांच्या जोडीने वाचनालये काढणे हेही तिने आपले काम मानले होते. वाचनालय ही आपल्या चळवळीची पहिल्या दिवसापासूनची मागणी आहे. तो आजचा शौक नव्हे.

तिसरे काम सुट्टीचे. मे महिन्यात मूल पुस्तकाकडे आले नाही, तर पुस्तकाने मुलाकडे जावे. सयाजीरावांनी 1910 साली बडोदा संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची चळवळ सुरू केली, तेव्हा गावोगाव पेट्यांतून पुस्तके पाठवली जात. आपणही तसे करू शकतो. पत्र्याच्या पेटीत तीस पुस्तके घाला, ती पेटी पंधरा दिवस एका वस्तीवर आणि पंधरा दिवस एका तांड्यावर ठेवा. नोंदीसाठी दोनशे पानी वही पुरते. घेणाऱ्याचे नाव, पुस्तकाचे नाव, नेल्याची आणि आणल्याची तारीख. दर रविवारी मुलाने वाचलेली गोष्ट इतरांना सांगावी.

चौथे काम निकालानंतरचे. याकडे वाचनालये फारसे लक्ष देत नाहीत आणि नेमके इथेच आपले मूल मागे पडते. गुण असतात, पण दाखला नसतो. म्हणून वाचनालयाच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि बँकेचे खाते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृहाचा प्रवेश, वसतिगृह न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि आपल्या जिल्ह्यातल्या वसमतच्या नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा, यांची माहिती तिथे मिळावी. अर्ज आता संगणकावर भरावे लागतात. ज्या तरुणाला ते येते, त्याने आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचनालयात बसावे. तो तरुण त्या दोन संध्याकाळचा केळुसकर होय.

आता काय वाचावे, हे विद्यार्थ्यांनी मला नेहमी विचारलेले आहे. थोडक्यात सांगतो.

लहान मुलांच्या हाती बालभारतीचे 'किशोर' मासिक द्या. ते 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक मोबाईलवरही वाचता येतात. जातककथा द्या, भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्या. नुसता उपदेश देऊ नका. मुलाला हसू आले पाहिजे, म्हणजे ते दुसरे पुस्तक मागायला येते.

हायस्कूलच्या मुलांनी धनंजय कीर यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे चरित्र वाचावे. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही 1959 सालची कादंबरी वाचावी. मराठवाड्याचे प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' वाचावे. शिक्षणासाठी वणवण केलेल्या मुलाची ती आठवण आहे आणि तिची बोली आपल्या कानाला ओळखीची वाटेल. मुलींनी बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि उर्मिला पवार-मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' जरूर वाचावे. आपल्या आज्या चळवळीत काय करत होत्या, हे त्यातून कळते.

मोठ्यांनी महात्मा फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' वाचावा. 1883 साली लिहिलेला हा ग्रंथ कर्ज, पाणी आणि अज्ञान यांविषयी बोलतो. शेतकऱ्याला तो परका वाटणार नाही. धर्मानंद कोसंबी यांचे 'भगवान बुद्ध' आणि बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हे ग्रंथ घाईने वाचू नयेत. रोज दोन पाने, पण चर्चा करून वाचावीत. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड प्रत्येक वाचनालयात असावेत. एकदम सर्व घेता येत नसतील, तर दर जयंतीला एक घ्यावा.

मित्रहो, मराठवाडा 1948 पर्यंत निजामी राजवटीत होता. उच्च शिक्षणाच्या सोयी फार तोकड्या होत्या. म्हणून 1950 साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. खेड्यापाड्यांतली मुले एसटीने, रेल्वेने, प्रसंगी पायी तिथवर गेली आणि शिकली. पण महाविद्यालयाच्या दारापर्यंत जाण्याआधी त्या मुलाला आपल्या गावात वाचायची सवय लागावी लागते. ती लावणे हे औरंगाबादचे काम नाही, मुंबईचेही नाही. ते साखऱ्याचे काम आहे.

1917 साली बाबासाहेब परदेशातून परतले, तेव्हा मागून येणारी त्यांची पुस्तके असलेली बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली ती पुस्तके होती. त्यांनी पुन्हा जमवायला सुरुवात केली आणि पुढे दादरला 'राजगृह' बांधले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. समुद्रात गेलेली पुस्तके त्यांनी पुन्हा उभी केली. आपल्याला तर फक्त कपाटाचे कुलूप काढायचे आहे.

म्हणून जाण्यापूर्वी संस्थेकडे तीन गोष्टी मागतो. वाचनालयाची किल्ली एकाकडे न ठेवता तिघांकडे ठेवा, त्यात एक भगिनी असू द्या. उघडण्याची वेळ दारावर रंगवा आणि ती पाळा. यंदा दहावी-बारावी पास होणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या सत्काराला हाराऐवजी पुस्तक द्या आणि पहिल्या पानावर त्याचे नाव लिहा. त्या पुस्तकाने कोणाचे आयुष्य कुठे जाईल, हे आज आपल्याला सांगता येणार नाही. केळुसकरांनाही 1907 साली ते सांगता आले नसते.