ऑफ तासाचे उत्तर



हीरक महोत्सवी भाषणात मुख्याध्यापिकेने शाळेच्या प्रगतीचा आढावा घ्यावा, असा संकेत आहे. तो आढावा अहवालात छापलेला आहेच. मी आज एका चुकीविषयी बोलणार आहे, आणि ती चूक माझी आहे.

मी मराठीची शिक्षिका. बऱ्याच वर्षांपूर्वी विज्ञानाचे सर रजेवर असताना आठवीचा ऑफ तास माझ्याकडे आला. आपल्या हैदराबादेतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून संशोधनासाठी प्रचंड फुगे आकाशात सोडले जातात. त्यांची उपकरणे पार सोलापूरच्या बाजूलाही उतरू शकतात. सापडल्यास हात न लावता पोलिसांना कळवावे, अशी सूचना वर्तमानपत्रांत येते. मागच्या बाकावरच्या एका मुलाने ती वाचली होती. तो उठून म्हणाला, “बाई, फुगा तीस किलोमीटर वर जातो, तर रॉकेट त्यालाच बांधून नेले आणि तिथे पेटवले तर?” वर्ग हसला. मीही हसले. “दिवाळी संपली आता, खाली बस,” असे म्हणाले. तो बसला. त्यानंतर वर्षभर त्याने मला काहीही विचारले नाही.

पुढे ग्रंथालयात एक जुने पुस्तक चाळताना कळले की, हा प्रयोग प्रत्यक्षात होऊन गेला आहे, आणि त्याला नावही आहे: रॉकून. रॉकेट आणि बलून यांचा तो जोडशब्द.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे जेम्स व्हॅन ॲलन यांना विश्वकिरणांचा अभ्यास करायचा होता. मोठी रॉकेटे महाग, आणि विद्यापीठाची ऐपत बेताची. त्यांच्या आवाक्यात होते ते ‘डीकन’ नावाचे लहानसे, घन इंधनाचे रॉकेट. जमिनीवरून उडवले तर त्याचा जोर खालची दाट हवा कापण्यातच संपे. मूठभर भुसा कितीही ताकदीने फेकला तरी हाताशीच पडतो, आणि गोटा मात्र लांब जातो; लहान रॉकेटाची गत काहीशी त्या भुशासारखी. पण सुमारे वीस किलोमीटर उंचीवर गेले की वातावरणाची नव्वद टक्क्यांहून अधिक हवा पायाखाली राहते. फुग्याने आधी तेथवर न्यावे आणि मग रॉकेट पेटवावे. तेच डीकन मग शंभर किलोमीटरच्या आसपास पोहोचू लागले.

१९५२ च्या ऑगस्टमध्ये ‘ईस्टविंड’ या तटरक्षक जहाजावरून, ग्रीनलंडजवळच्या समुद्रात, पहिले प्रयोग झाले. समुद्रच का? रॉकेट कोठे पडेल याचा नेम नव्हता म्हणून. शिवाय जहाज वाऱ्याच्याच दिशेने वाऱ्याच्या वेगाने चालवले की डेकवर हवा जणू थांबते आणि फुगा शांतपणे भरता येतो. पहिले दोन फुगे व्यवस्थित वर गेले. रॉकेटे मात्र पेटलीच नाहीत. व्हॅन ॲलन यांना शंका आली की वरच्या थंडीने पेटवणाऱ्या यंत्रणेचे घड्याळ गोठून बंद पडत असावे. मग त्यांनी काय केले असेल? संत्र्याच्या रसाचे डबे गरम केले, ते यंत्रणेशेजारी ठेवले आणि सगळे नीट गुंडाळून टाकले. तिसरे रॉकेट पेटले! मला या साऱ्या हकिकतीत हे डबे सर्वांत अधिक आवडतात. आपल्या आईने डबा गरम राहावा म्हणून फडक्यात बांधून द्यावा, तसेच ते.

पुढच्या वर्षीच्या मोहिमेत ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात अनपेक्षित प्रारण आढळले. १९५८ साली एक्सप्लोरर-१ या उपग्रहावर व्हॅन ॲलन यांचेच मापक होते आणि त्यातून पृथ्वीभोवतीचे प्रारणपट्टे उमगले. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

या युक्तीला मर्यादाही आहेत, आणि त्या मी त्या मुलाला तेव्हाच सांगायला हव्या होत्या. फुगा वारा नेईल तिकडे जातो. शिवाय अंतराळाला नुसता स्पर्श करणे वेगळे आणि पृथ्वीभोवती फिरत राहणे वेगळे. त्यासाठी सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटरचा वेग लागतो आणि फुगा तो देऊ शकत नाही. दुसऱ्या वाटाही चोखाळल्या गेल्या. १९६६ मध्ये ॲरिझोनातील एका अजस्र तोफेने १८० किलोमीटर उंचीपर्यंत गोळा फेकला. मात्र आतल्या उपकरणांना नळीतला भयंकर धक्का सोसावा लागे. १९९० मध्ये विमानाच्या पंखाखालून सोडलेल्या ‘पेगासस’ने उपग्रह खरोखरच कक्षेत नेला. म्हणजे उंचीवरून आरंभ करण्याची त्या मुलाची कल्पना विमानाच्या रूपाने कक्षेपर्यंतही पोहोचली.

त्याचे नाव मी येथे घेत नाही. तो आज या सभागृहात असेल, तर जेवणानंतर त्याने आठवीच्या वर्गात यावे. फळ्यावर मी फुगा आणि त्याखाली दोरीने लोंबणारे रॉकेट काढून ठेवले आहे. आकृती चुकली असेल तर त्याने दुरुस्त करावी. खडू तेथेच आहे.