तिसरी वायर



माझ्याकडे १९९९ सालची ओम्नी आहे. देवळ्यातल्या जुन्या ओम्नीने काय काय वाहिलंय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. डाळिंबाचे क्रेट, उन्हाळ कांद्याच्या गोण्या, वऱ्हाडी मंडळी, आणि नवरात्रात सप्तशृंगी गडावर जायला नांदुरीपर्यंत येणारे शेजारीपाजारी. कंपनीने २०१९ मध्ये ही गाडी काढणं बंद केलं. आमच्याकडे मात्र ती नोंदणीचं नूतनीकरण करत करत अजून चालू आहे.

तर या गाडीची क्लच वायर चौदा महिन्यांत तीन वेळा तुटली. पहिल्या वेळी मी म्हटलं, जुनी झाली असेल. दुसऱ्या वेळी दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडली. तिसरी अस्सल कंपनीची, पक्क्या बिलाची घेतली होती. चांदवडहून परतताना ती भावडबारी घाटात तुटली. मागे एक कांद्याचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवतोय, गाडीत आई, आणि माझ्या पायाखालचं पेडल एकदम फळीला टेकलेलं. आईने उतरून मागच्या चाकांना दगड लावले. वय वर्षं शहात्तर.

गाडी ओढून आणली ती एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे. त्याने नवी वायर मागवण्याआधी तुटलेली हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि अहिराणीत म्हणाला, “वायरना काय दोष शे, सर?”

मग त्याने ती मला वाचायला शिकवली. वायर पेडलपाशी झाडूसारखी पिंजून तुटली असेल, तर तिथली पिन कोरडी पडलेली असते किंवा हूक झिजलेला असतो. वायरचं डोकं पिनेवर फिरायला हवं. ते फिरलं नाही, की दर दाबाला तारा एकाच जागी वाकतात आणि एकेक करून तुटत जातात. गिअरबॉक्सच्या टोकाला तांबूस होऊन तुटली, तर रबरी टोपी फाटून आत पाणी गेलेलं असतं. सर्व्हिसिंगला खालून प्रेशरचं पाणी मारून घेण्याची हौस आपल्याला फार.

माझी वायर या दोन्ही टोकांना धड होती. ती तुटली होती मधेच. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारांना चिकटलेलं, आणि तारांवर निळसर काळी झाक. तापवलेल्या विळ्याच्या पात्यावर येते ना, तशी. सायलेन्सरचा पाइप त्या जागेपासून चांगला हातभर लांब. मग ती तापली कशाने?

विजेने. श्रोतेहो, हे मलाही तोवर माहीत नव्हतं. गाडीचं इंजिन रबरी गुटक्यांवर बसवलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने वेगळं. स्टार्टर मारताना लागणारा करंट शंभर अँपिअरच्या आसपास जातो. आपल्या घरातला पंख्याचा प्लग असतो सहा अँपिअरचा. एवढ्या करंटला इंजिनाकडून बॅटरीकडे परतायला एक जाड पट्टी दिलेली असते, तिला आपण अर्थिंगची पट्टी म्हणतो. माझ्या गाडीची क्लच प्लेट बदलताना कुठल्याशा गॅरेजात ती पट्टी सोडली होती, पुन्हा लावलीच नाही. परतीची वाट बंद झाल्यावर करंटने दुसरी शोधली: इंजिनाला आणि बॉडीला जोडणारी क्लच वायर. दर सकाळी मी चावी फिरवायचो आणि ती बिचारी हीटरच्या तारेसारखी तापायची.

हे ओळखायला फार शहाणपण लागत नाही. स्टार्टर मरगळल्यासारखा फिरत असेल, तर जंपरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मग स्टार्टर मारा. तो एकदम जोमात फिरला, की पट्टी तरी नाही किंवा तिचे नट गंजलेत. मीटर असेल तर त्याच दोन जागी लावून स्टार्टर मारताना बघा; काटा अर्ध्या व्होल्टच्या वर जाता कामा नये.

अर्थात सगळ्यांच्या वायरी विजेने जळत नाहीत. खूप वेळा गुन्हेगार वायरच्या पुढे असतो. क्लच प्लेट झिजत आली की पेडल जड होत जातं, आपल्या पायाला त्याची सवय होते, आणि तो वाढलेला ताण वायर सोसते. रिलीज बेरिंगच्या फोर्कचा दांडा कोरडा पडला तरी तेच. अशा गाडीत नवी वायर घालणं म्हणजे अडलेल्या रहाटाला नवा दोर बांधणं. इंजिनाचे रबरी गुटके बसले असतील, तर क्लच सोडताना इंजिन हलतं आणि वायरला हिसका बसतो.

या वायरची मूळ कल्पना सायकलच्या ब्रेकची. अर्नेस्ट बोडेन यांचं पेटंट १८९६ चं. आतली तार ओढली जाते, तेवढ्याच जोराने बाहेरची नळी दाबली जाते. म्हणून नळीची दोन्ही टोकं घट्ट हवीत आणि वाटेत काटकोनी वळण नको. फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनमध्ये इंजिन मागे, त्यामुळे ही वायर जवळपास गाडीच्या लांबीएवढी. तिच्या मागच्या नळीला कंपनीने मुद्दाम २५ ते ४५ मिलिमीटर झोल ठेवायला सांगितलाय. झोल कमी झाला तर क्लच धडधडतो, जास्त झाला तर वायर घासून तुटते. आपल्याकडे वायर “जिथून जाईल तिथून” नेतात. जुनी काढण्याआधी तिच्या वाटेचा मोबाइलवर फोटो काढा, क्लिपा हरवू नका.

तेलाबद्दल एक. प्लॅस्टिक अस्तराच्या वायरीत तेल ओतू नका. आपल्याकडच्या धुळीशी मिळून त्याचा चिखल होतो. ग्रीस पिनेला लावा, बोटाच्या टोकाएवढं. पेडलला हाताने दाबून साधारण पेरभर मोकळा खेळ हवा, नेमकं माप गाडीच्या पुस्तकात असतं. आणि चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची सवय सोडा. हँडब्रेक त्यासाठीच दिलेला आहे. हे मी आता म्हणतो. भावडबारीत मी स्वतः तेच करत होतो.

मिस्त्रीने पट्टी लावली, दोन्ही नट कानशीने घासून. पट्टीची किंमत एका वायरीहून कमी निघाली. एक नवी वायर मी सीटखाली ठेवून दिली होती. ती दोन वर्षं तशीच पडून राहिली, पाकीट न फोडता. परवा लोहोणेरचा एक ओम्नीवाला मागायला आला. त्याची वर्षभरातली ही दुसरी. वायर त्याला दिली. त्याच्याबरोबर बाहेर जाऊन मीच गाडीखाली वाकून बघितलं.

पट्टी जागेवर होती. पेडलची पिन मात्र कोरडी ठणठणीत.