अज्ञान मुलांची मुक्ती

'मुक्ती' हा शब्द ऐकताच बंधन तुटल्याचे समाधान वाटते. परंतु कायद्याने जो 'अज्ञान', म्हणजे वयात न आलेला, त्याची मातापित्यांच्या ताब्यातून होणारी मुक्ती दुहेरी असते. मूल पालकांपासून सुटते आणि पालकही त्याच्या पोषणाच्या जबाबदारीतून सुटतात.

या कल्पनेचे मूळ प्राचीन रोमच्या कायद्यात सापडते. तेथे मुलगा कितीही मोठा झाला, तरी पिता जिवंत असेतो तो पित्याच्या सत्तेखालीच राही. पित्याने मुलाला तीन वेळा विकले, तर तो त्या सत्तेतून मुक्त होईल, असा बारा फलकांच्या कायद्यात नियम होता. त्याचाच आधार घेऊन पुढे लुटुपुटीच्या विक्रीचा विधी रूढ झाला आणि मुलाला स्वतंत्र करण्याची वाट निघाली. मात्र असा मुलगा जुन्या कायद्याप्रमाणे पित्याच्या वारशाला मुकत असे.

आज अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अर्जदाराचे वय निदान 14 वर्षे असावे लागते. पालकांच्या संमतीने, किंवा त्यांची हरकत नसताना, तो वेगळा राहत असला पाहिजे. पैशाचा व्यवहार त्याने स्वतः सांभाळला पाहिजे आणि त्याची मिळकत गुन्ह्याची नसली पाहिजे. न्यायालयाने मुक्त ठरविल्यावर तो करार करू शकतो, वैद्यकीय उपचारांना संमती देऊ शकतो. परंतु पालकांकडून पोषणाचा हक्क त्याला उरत नाही. म्हणजे जो आधीच स्वतःच्या पायांवर उभा आहे, त्यालाच हे दार उघडते. घरी मार खाणाऱ्या, पण हाती पैसा नसलेल्या मुलाला ते बंदच राहते.

भारतात असे दारच नाही. 1875 च्या कायद्यानुसार 18 वर्षे पूर्ण होताच मूल सज्ञान होते. न्यायालयाने पालक नेमलेल्यांना पूर्वी 21 वर्षांपर्यंत थांबावे लागे. हा भेद 1999 साली नाहीसा झाला. तथापि पालक नेमताना समजत्या मुलाची पसंती न्यायालयाला विचारात घेता येते, ही तरतूद 1890 पासून आहे. आणि 2015 च्या बालन्याय कायद्यान्वये छळ सोसणारे मूल स्वतःही बालकल्याण समितीपुढे जाऊ शकते. येथे कायदा मुलाला एकटे सोडत नाही, त्याच्यासाठी दुसरा आधार शोधतो.

या दोहोंपैकी कोणता मार्ग बरा, हे ठरविताना एकच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे : मुलाने आज घर सोडले, तर रात्री ते कोठे झोपेल?