मुली आणि गणिताची भीति



इ. स. ११५० मध्यें भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’ हा ग्रंथ रचला. त्यांतील कित्येक उदाहरणें एका बालिकेला उद्देशून घातलेलीं आहेत. मुलीला गणित विचारावें व तिनें तें सोडवावें, यांत आचार्यांस कांहीं विपरीत वाटलें नाहीं. मग आजच्या सुशिक्षित घरांतील आठ वर्षांची मुलगी ‘मला गणित येतच नाहीं’ हें वाक्य कोठून शिकते?

बहुधा मोठ्यांच्या तोंडून. चुकलेलें उत्तर पाहून आई सहज म्हणते, ‘अगं, मलाही गणित कधीं जमलें नाहीं.’ हेतु सांत्वनाचा असतो. मुलगी मात्र त्यांत आपलें भविष्य ऐकते. अमेरिकेंत २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिकांचे वर्ग अभ्यासले गेले. शिक्षिकेच्या मनांत गणिताची धास्ती जितकी अधिक, तितका तिच्या वर्गांतील मुलींचा ‘गणित मुलांचें, वाचन मुलींचें’ हा ग्रह वर्षाअखेर अधिक दृढ झालेला आढळला. आणि असा ग्रह झालेल्या मुली गणितांत मागें पडल्या. वर्षारंभीं हा संबंध दिसला नव्हता. मुलग्यांत तो वर्षाअखेरही दिसला नाहीं.

उपाय खर्चाचा नाहीं. ५२ मधून २७ वजा करतांना एखादी मुलगी ३५ लिहिते. त्यावर लाल फुली मारणें सोपें. पण ‘हें कसें काढलेंस?’ असें विचारलें, तर ती सांगते, ‘सातांतून दोन गेले, पांच, पांचांतून दोन गेले, तीन.’ म्हणजे विचार तिनें केला आहे. वाट तेवढी चुकली आहे. तिच्यापुढें दहा-दहा काड्यांचे पांच गठ्ठे व दोन सुट्या काड्या ठेवाव्या. दोनांतून सात काढतां येत नाहींत, हें तिचे हातच तिला सांगतात. ती आपण होऊन एक गठ्ठा सोडते. बारांतून सात जाऊन पांच काड्या उरतात, चारांतून दोन जाऊन दोन गठ्ठे. पंचवीस! हें उत्तर तिला कोणीं दिलेलें नसतें. तिनें तें मिळविलेलें असतें. तीच रीत मग तिनें वर्गाला समजावून सांगावी.

इराणच्या मरियम मिर्झाखानी शाळेंत असतां एका वर्षीं त्यांच्या शिक्षकांना त्यांच्या ठायीं गणिताची बुद्धि दिसली नाहीं, आणि त्यांचें मन त्या विषयावरून उडालें. पुढील वर्षीं उत्तेजन देणारे शिक्षक लाभले. २०१४ सालीं त्या फील्ड्स पदक मिळविणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या.

प्रत्येक मुलगी मिर्झाखानी होणार नाहीं. परंतु गठ्ठा स्वतः सोडलेली मुलगी उद्यां घरखर्चाचा हिशेब आणि कर्जाचें व्याज कोणाच्या तोंडाकडे न पाहतां स्वतः पडताळून पाहील.